पहिला महिना फक्त पडायचं

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गुणपत्रिकांच्या खिडकीमागे ज्या बाई बावीस वर्षं बसत होत्या, त्यांना सगळे मार्कशीटबाई म्हणत. नाव त्यांच्या कानावर आलं होतं, आवडलं नव्हतं आणि त्याबद्दल त्यांनी काही केलंही नव्हतं. एकंदरीत बाईंचा स्वभावच असा होता. रांग पुढे सरकत असली की त्या समाधानी असत.

निकालाच्या आठवड्यात एका सकाळी वाणिज्य शाखेच्या दोनशे गुणपत्रिका छातीशी धरून त्या नुकत्याच पुसलेल्या व्हरांड्यातून निघाल्या आणि पडल्या. कपाट कलंडावं तशा, ताठच्या ताठ मागे. रांगेतली ऐंशी मुलं एकदम गप्प झाली. मग मागून कुणीतरी काळजीच्या सुरात विचारलं, "मॅडम, त्यात आमच्या आहेत का?"

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. काही मोडलं नव्हतं.

"पण आता या वयात पडू नका," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे काय करू?"

"सांभाळून चाला."

"सांभाळूनच चालत होते."

डॉक्टरांनी यावर थोडा विचार केला आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

पाठ शेकायला पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी कॅन्टीनबाहेरच्या फलकावर बाईंना एक हाताने लिहिलेला कागद दिसला. 'ज्युदो क्लब. विद्यार्थी व कर्मचारी. वयाची अट नाही. पहिला महिना फक्त पडायला शिकवलं जाईल.' बाईंनी अर्ज तपासावा तसा तो कागद तीनदा वाचला. कुठे खोट सापडेना. पडू नका म्हणणारे त्यांना आयुष्यभर भेटले होते. कसं पडायचं ते शिकवतो म्हणणारं हे पहिलंच कुणीतरी होतं.

व्यायामशाळेच्या मागच्या हॉलमध्ये हिरव्या-पिवळ्या गाद्यांवर वीसेक मुलंमुली एकमेकांना आपटत होती. मध्ये उभे होते ते क्लबचे सर. साठीचे, बुटके, आणि दोन्ही कान कुणीतरी चुरगाळून परत लावल्यासारखे. दिवसा ते रसायनशास्त्राच्या भांडारात काचेच्या नळ्या मोजून देत.

"कर्मचारी?" सरांनी विचारलं. नियमात तो शब्द सुरुवातीपासून होता, पण त्याचा उपयोग आजवर कुणी केला नव्हता. "वजन?"

"कशाला?" बाई हळूच म्हणाल्या.

"जोडी लावायला."

"साठ."

सरांनी काटा आणला.

"चौसष्ट!" त्यांनी हॉलभर ऐकू जाईल असं सांगितलं. सरांना नावं लक्षात राहत नसत, वजनं राहत. क्लबची कॅप्टन भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, तिला ते अठ्ठेचाळीस म्हणत. तिचं वजन केव्हाच एक्कावन्न झालं होतं, पण नाव बदललं नव्हतं. ज्या आकड्याबद्दल बाईंनी नवऱ्याला कधी ताकास तूर लागू दिली नव्हती, तो आकडा आता आठवड्यातून तीन दिवस भिंतींवर आदळून परत येऊ लागला. चौसष्ट, हनुवटी! चौसष्ट, हात कुठे आहे!

घरी त्यांनी सांगितलं नाही. नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक होता आणि अतिशय सज्जन, पण काळजी करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नानंतर बाई सायकल शिकल्या तेव्हा तो तीन महिने शेजारून पळत होता. बाईंना सायकल यायला लागली तरी त्याचं पळणं थांबेना. म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं, "ऑफिसात ट्रेनिंग आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. संध्याकाळी."

"कसलं?"

"सुरक्षेचं."

नीट पाहिलं तर यात खोटं काही नव्हतं.

पहिला महिना खरोखरच पडण्यात गेला. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, डोळे स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायचे, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात गादीवर सपकन मारायचे, म्हणजे आपटी हातांत जाते आणि डोकं शाबूत राहतं. सांगायला हे एका वाक्याचं काम होतं. बाई दर वेळी वर बघत.

"चौसष्ट, छतावर काय लिहिलंय?"

"काही नाही, सर."

"मग कशाला वाचताय?"

पुढे मारायच्या कोलांटीत तर त्या सरळ जाण्याऐवजी तिरक्या जात आणि गादीवरून उतरून चपलांच्या ढिगात थांबत. मुलं हसत नसत, कारण सगळीच कधी ना कधी त्या ढिगात जाऊन आली होती. एक पोरगा तर आपली चप्पल आता दुसरीकडे काढून ठेवायला लागला. तिसऱ्या आठवड्यात एकदा हात, पाठ आणि हनुवटी सगळं एकाच वेळी जुळलं. फट्ट असा स्वच्छ आवाज आला. बाई पडल्या जागी पडून राहिल्या.

"लागलं का, काकू?" अठ्ठेचाळीसने वाकून विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "अजिबात नाही." आणि उठून परत पडल्या. त्या संध्याकाळी त्या आणखी चाळीस वेळा पडल्या आणि घरी गुणगुणत गेल्या.

बावीस वर्षं लोक त्यांच्याशी काचेला पाडलेल्या बशीएवढ्या भोकातून बोलत आले होते. इथे माणसं सरळ कॉलर धरत. समोरच्याचा श्वास, घाम, तो आता डावीकडे जाणार की उजवीकडे, सगळं हाताला कळे. हे आपल्याला आवडेल असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी ते रीतसर फेटाळलं असतं.

दुसऱ्या महिन्यात कंबरेवरची फेक आली. समोरच्याची बाही धरायची, दुसरा हात त्याच्या कंबरेमागे घालायचा, वळून त्याला पाठ द्यायची, गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कंबरेखाली न्यायची आणि त्याला आपल्यावरून पुढे ओढायचं. बाईंना ती येईना. त्या वळत, वाकत, आणि तिथेच राहत. पाठीवरची अठ्ठेचाळीस बसची वाट पाहावी तशी शांत उभी असे.

"काकू, मी तयार आहे."

"मला माहितेय, बाळा. मी नाहीये."

सरांनी या फेकेबरोबर दोन नियम दिले. समोरचा पूर्ण खाली जाईपर्यंत त्याची बाही सोडायची नाही, वर ओढून धरायची, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. आणि ज्याला पडता येत नाही, त्याला पाडायचं नाही. दुसरा नियम सांगताना ते प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत.

आता या सगळ्यात अंगावर वळ उठणारच. बाईंच्या दंडांवर धरल्याचे निळे डाग होते, नडग्यांवर पिवळे, आणि मानेवर कॉलर घासून उठलेली लाल रेघ. लांब बाह्यांनी काम भागत होतं. पण एका शनिवारी वहिनी शिलाई मशीन परत द्यायला आल्या, तेव्हा बाई बाह्या सारून भांडी विसळत होत्या.

"वन्सं, हे काय?"

"दार लागलं."

वहिनींनी डाग मोजले. उजव्या दंडावर चार आणि एक अंगठ्याचा.

"दाराला बोटं होती वाटतं," त्या म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, हे बाईंना नंतर पटलं. पण वहिनींना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, आणि दवंडी सगळ्यात आधी चष्म्याच्या दुकानात पोचली असती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी दहाला दादा आला. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, बस डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला. तीस वर्षं त्याने शिट्टी वाजवून गाड्या मागे घ्यायला लावल्या होत्या, आणि माणसांशीही तो साधारण त्याच पद्धतीने वागे. मागे वहिनी होत्या, डोळे पुसत. दार उघडायला बाईंचा नवरा गेला.

"बसा," दादा त्याला म्हणाला. घर नवऱ्याचं होतं, पण तो बसला.

"आमची बहीण आम्हाला जड झालेली नाही," दादाने सुरुवात केली. ही वाक्यं त्याने वाटेत तयार केलेली दिसत होती. "तिची खोली अजून तशीच आहे. तुम्ही शांत माणूस आहात असं मी लोकांना सांगत आलो. अठरा वर्षं सांगत आलो. आज मला त्याची लाज वाटतेय."

नवरा पांढराफटक पडला. "म्हणजे तुम्हीही पाहिलंत?"

"पाहिलंत म्हणजे? करता तुम्ही आणि..."

"मी?" नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दादा, मला वाटत होतं ऑफिसात कुणीतरी मारतंय तिला."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय?"

"महिना झाला," नवरा त्यांच्याकडे न बघता सांगू लागला. "दोनदा दुकान लवकर बंद करून तुझ्या ऑफिससमोर सायकल स्टँडपाशी उभा राहिलो. तू बाहेर आलीस आणि घरी न येता त्या व्यायामशाळेकडे गेलीस. मागच्या दाराने. एका उंच पोराबरोबर. मग मी परत आलो."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस," नवरा म्हणाला. "म्हणून नाही विचारलं."

वहिनींनी डोळे पुसायचं थांबवलं. आता नेमकं कशासाठी रडायचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"मी ज्युदो शिकतेय," बाई म्हणाल्या. "तो उंच पोरगा अठ्ठ्याहत्तर आहे. म्हणजे वजन. त्याने मला गादी उचलायला मदत केली."

कुणाचाही विश्वास बसला नाही. दादा तर म्हणाला की नवऱ्याला वाचवण्यासाठी बायका काय वाट्टेल ते बोलतात, पण यापेक्षा बरं काहीतरी सुचायला हवं होतं. म्हणून बाईंनी टीपॉय बाजूला सरकवला आणि बैठकीच्या खोलीतल्या सतरंजीवर मागच्या मागे पडून दाखवलं. फट्ट. उठल्या आणि पुन्हा पडल्या. उत्तम पडल्या, सरांनीही नावं ठेवली नसती. पण शेचाळीस वर्षांची बाई घरात आपणहून पुन्हा पुन्हा जमिनीवर पडते आहे, हे पाहून तिचा संसार सुखाचा आहे असं कुणाला वाटत नाही. वहिनी आता मोठ्याने रडू लागल्या.

"पुरे," दादाचा आवाज चढला. "ज्युदोत दुसऱ्याला पाडतात. मला पाडून दाखव."

"नाही."

"येत नाही म्हण."

"येतही नाही," बाई खरं ते म्हणाल्या. "पण आलं असतं तरी नसतं पाडलं. तुला पडता येत नाही."

"मला पाड," नवरा मध्येच उभा राहून म्हणाला. या सबंध प्रकरणात त्याला पहिल्यांदाच काहीतरी करण्यासारखं दिसलं होतं.

"तुम्ही बसा हो."

तो बसला. दादाचा संयम संपला होता. "चल, छोटे. सामान नंतर नेऊ," म्हणत त्याने बाईंचा दंड धरला आणि दाराकडे ओढलं. लहानपणी शाळेत न्यायचा तसंच ओढलं, सगळं वजन पुढे टाकून.

बाईंनी विचार केला नाही. केला असता तर जमलं नसतं. त्यांचा हात त्याच्या बाहीवर गेला, दुसरा कंबरेमागे, त्या वळल्या, वाकल्या, आणि आजवर जे पाठीवर नुसतं उभं राहत होतं ते या वेळी उभं राहिलं नाही. ब्याण्णव किलोचा दादा त्यांच्या कंबरेवरून गेला, खोलीभर एक पाय फिरला, टीपॉयची एक तंगडी मोडली, आणि दादा सतरंजीवर उताणा होता. त्याची बाही बाईंच्या मुठीत होती. ओढून वर धरलेली. डोकं टेकलंच नव्हतं.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. रडणं बंद झालं होतं.

दादा पंख्याकडे बघत पडून होता. बाईंना वाटलं, आता तो ओरडेल. तो ओरडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. भीती होती, आणि त्या भीतीच्या मागे काहीतरी नवलाचं. त्याने स्वतःचे पाय हलवून पाहिले. मग नवऱ्याने पुढे केलेला हात न घेता, भिंतीला धरून तो सावकाश उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. वहिनी त्याच्यामागे गेल्या, पण दारातून वळून त्यांनी बाईंकडे असं काही पाहिलं की त्यांनाही फी विचारायची असावी.

सोमवारी बाईंनी सरांना जाऊन सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

"पाय कुठे होते?"

"त्याच्या पायांच्या आत."

"कंबर?"

"खाली."

"बाही?"

"सोडली नाही."

सरांनी मान डोलावली. "त्याला पडता येत होतं?"

"नाही."

"मग दोन आठवडे बाहेर बसायचं."

बाई दोन आठवडे भिंतीशी बसल्या. सगळं बघत राहिल्या. सराव संपल्यावर अठ्ठेचाळीस शेजारी येऊन बसे आणि हळूच विचारी, "काकू, ब्याण्णव? खरंच?"

"ब्याण्णव."

नवऱ्याला आता सगळं माहीत झालं होतं, त्यामुळे त्याची काळजी रीतसर सुरू झाली. तो दर संध्याकाळी हॉलच्या दारात बर्फाची पिशवी घेऊन उभा राहू लागला. सरांनी दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला काट्यावर उभं केलं. तो अठ्ठावन्न भरला. बायकोपेक्षा सहा किलोंनी कमी. याची त्याला कल्पना नव्हती, आणि ती कधीच आली नसती तरी चाललं असतं.

दादाने मात्र बोलणं टाकलं. तीन आठवडे ना फोन, ना निरोप. टीपॉयला नवऱ्याने पट्टी ठोकली. वहिनींनी चोरून एकदा फोन केला. "हे जेवतात, पेपर वाचतात, आणि सतरंजीकडे बघत बसतात," त्यांनी कळवलं.

चौथ्या आठवड्यात, पुरवणी परीक्षेच्या गुणपत्रिका देण्याच्या दिवशी, बाईंनी पुढचा क्रमांक पुकारला आणि काचेच्या भोकासमोर दादाचा चेहरा आला. तो मुलांच्या रांगेत पाऊण तास उभा होता. हातात टोकन होतं. सत्तावन्न.

"दादा? मागच्या दाराने यायचं ना."

"रांग होती," दादा म्हणाला. रांगेच्या बाबतीत तो आयुष्यभर कडक होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तोंड भोकाजवळ आणलं. "त्या दिवसाचं माझ्या मनात काही नाही."

"माझं चुकलंच."

"ते असू दे. ऐक." त्याने आवाज आणखी खाली आणला. "मी एरवीही पडतो, छोटे."

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला.

"वर्षभरात चारदा. दोनदा बाथरूममध्ये. एकदा बाजारात. एकदा जिन्यात, तेव्हा हिला सांगितलं की वीज गेली होती. तळपाय बधिर असतात. पाय कुठे टेकलाय ते बघितल्याशिवाय कळत नाही. दर वेळी लागतं. डोक्याला टाके पडले होते ना, ते कपाटाचं दार नव्हतं." त्याने टोकन उलटंसुलटं केलं. "तुझ्याकडे पडलो, तेव्हा पहिल्यांदा लागलं नाही. तेव्हापासून विचार करतोय. ते शिकवता येतं का? माझ्या वयाला?"

"काका, लवकर करा ना," मागून एक मुलगा म्हणाला.

"थांब रे," बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांनी रांग पहिल्यांदाच थांबवली. मग दादाला म्हणाल्या, "आधी डॉक्टर. उद्याच. साखर तपासायची, पाय दाखवायचे आणि वहिनींना तू स्वतः सांगायचं. ते झाल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"आणि मग?"

"मग रविवारी ये. सैल कपडे घालून."

दादाची साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी दोनदा तपासली. वहिनी एक दिवस बोलल्या नाहीत आणि त्यानंतर थांबल्या नाहीत. गोळ्या सुरू झाल्या, बाथरूममध्ये दांडा बसला, जिन्याला नवा दिवा लागला. बाईंनी सरांना विचारलं. सरांनी 'साठीच्या पुढे उभ्याने नाही, फक्त बसून. आणि आधी मान सांभाळायला शिकवा' असं बजावून दोन जुन्या गाद्या घरी न्यायला दिल्या. त्या अठ्ठ्याहत्तरने डोक्यावरून आणून पोचवल्या. नवऱ्याने त्याला चहा पाजला आणि त्याचे डोळे फुकट तपासले.

पहिल्या रविवारी दादा गादीवर बसला, आणि मागे जायची वेळ आली तेव्हा त्याने जाणं नाकारलं. तीस वर्षं दुसऱ्यांना गाड्या मागे घ्यायला लावलेला माणूस, स्वतः मागे जायला तयार होईना. बाई त्याच्यामागे गुडघ्यांवर बसल्या. "मी आहे मागे," त्या म्हणाल्या. अर्ध्या तासाने तो वीतभर गेला. दुसऱ्या रविवारी पाठ टेकली. चौथ्या रविवारी हात वाजले, त्याबरोबर खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानेही छताला काठी वाजवली. मग वेळ बदलून शिंपी बाजारात असतो तेव्हाची ठेवली.

बाई पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला बसल्या आणि नापास झाल्या. फेरतपासणीचा अर्ज कुणाकडे करायचा, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, गादीकडे. तीन महिन्यांनी त्या पुन्हा बसल्या आणि पास झाल्या. गुणपत्रिका मिळाली नाही. तशी पद्धत नव्हती. त्याच दिवशी नवऱ्याने पहिली कोलांटी सरळ मारली, पण त्या वेळी कुणाचं लक्ष नव्हतं.

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी ऐन कामात फोन वाजला. दादा होता. आवाज चढलेला, जवळजवळ आनंदी.

"छोटे, पडलो! पोस्टाच्या पायरीवर. मागे. सगळ्यांसमोर!"

"लागलं?"

"कोपर खरचटलं. बाकी काही नाही. हनुवटी आत होती, छोटे. पार आत! डोळे पट्ट्यावर. पोस्टमास्तर धावत बाहेर आला, त्याला म्हटलं, थांबा, मला माझं उठू द्या."

"आणि हात?"

पलीकडे दादाने घसा खाकरला.

"हात विसरलो," दादा म्हणाला.

"रविवारी हात घेऊ," बाईंनी सांगितलं, फोन ठेवला आणि पुढचा क्रमांक पुकारला.